पकडलेला धातू ठेवायचा कुठे? (प्रस्तावना)

पाण्यातले शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांसारखे जड धातू कृत्रिम पॉलिमर वापरून कसे काढतात, हा विषय तसा प्रयोगशाळेचा. त्यावरचे मराठी पुस्तक वाटूर हे गाव डोळ्यांपुढे ठेवून का लिहिले, याचे उत्तर आधी दिलेले बरे. वाटूर हे जालना–मंठा रस्त्यावरचे, परतूर तालुक्यातले गाव. तिथल्या विहिरींत विष सापडले, अशी बातमी या पुस्तकात नाही. खाली बेसाल्टचा काळा पाषाण, वर काळी माती, पाणी विहिरीचे नाहीतर बोअरचे आणि त्यात क्षार भरपूर, अशी मराठवाड्यात शेकडो गावे आहेत. वाटूर त्यांतले एक. पॉलिमरचा एखादा नवा शोध खरोखर कामाचा आहे की नाही, हे असल्या पाण्यात उतरवल्यावरच कळते.

दुसरे कारण या प्रदेशाच्या मातीत आहे. आयनांची अदलाबदल हा या विषयाचा पाया, आणि तो शोध मातीतच लागला. हॅरी स्टीफन थॉम्पसन या यॉर्कशायरच्या जमीनदाराने मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतून पाहिले. खाली जे पाणी उतरले त्यात अमोनियम फारसे नव्हते, कॅल्शियम सल्फेट होते. मातीने एक आयन ठेवून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात दुसरा सोडला होता. १८५० साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि जॉन थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर पद्धतशीर काम केले. आपली काळी माती या कामात फार तरबेज आहे. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, म्हणून ती कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम धरून ठेवते. शंभर ग्रॅम काळ्या मातीची ही क्षमता साधारण ३५ ते ६० मिलीइक्विव्हॅलंट भरते. बाजारातल्या कोरड्या सल्फोनेटेड रेझिनची, म्हणजे आयन बदलणाऱ्या कृत्रिम राळेची, क्षमता शंभर ग्रॅमला पाचशेच्या घरात जाते. म्हणजे माणसाने मातीचाच गुण उचलला आणि दहा पटींनी वाढवला.

ही वाढ एका दिवसात झाली नाही. १९३५ साली इंग्लंडमधल्या टेडिंग्टन येथील प्रयोगशाळेत अॅडम्स आणि होम्स यांनी फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेल्या कृत्रिम राळेत आयनांची अदलाबदल दाखवून दिली. १९४४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या डालेलिओ यांनी स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेन्झीन यांच्या सहपॉलिमरवर सल्फोनिक गट बसवले. आजही पाणी मऊ करणाऱ्या बहुतेक सॉफ्टनरमध्ये याच घराण्यातले मणी असतात. मणी लहान, मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा. आत पॉलिमरच्या साखळ्यांचे जाळे, जाळ्यात पाणी आणि साखळ्यांना जागोजाग चिकटलेले भारित गट. पाण्यातला धन आयन आत शिरतो, गटापाशी बसतो आणि तिथला सोडियम बाहेर पडतो.

महाराष्ट्राला हा उद्योग परका नाही. मुंबईची आयन एक्स्चेंज (इंडिया) ही कंपनी १९६४ पासून याच धंद्यात आहे आणि पुण्याची थरमॅक्स ‘ट्युल्सियन’ नावाने रेझिन विकते. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. अशा भट्टीच्या तांब्याच्या गुंडाळीतून सतत पाणी फिरवावे लागते, आणि त्यात क्षार असले तर गुंडाळी निकामी होते. ते पाणी क्षारमुक्त करण्याचे काम रेझिनच्या टाक्या करतात. म्हणजे ज्या तंत्राची ओळख हे पुस्तक करून देते, ते आपल्या जिल्ह्यात आधीच पोचलेले आहे. फक्त ते यंत्र वाचवण्यासाठी आले आहे, माणसासाठी वापरायचे तर हिशेब बदलतो.

तो हिशेब इथेच मांडतो, कारण पुस्तकाचा अर्धा भाग त्यावर उभा आहे. समजा, बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) २०० पर्यंत ती स्वीकार्य असते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ३०० ही काही टोकाची गोष्ट नव्हे. याच पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम शिसे आहे असे धरू. शिशाची मर्यादा ०.०१, म्हणजे हे पाणी मर्यादेच्या पाचपट दूषित. आता आयन मोजले, तर शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बारा हजारांहून अधिक आयन येतात. वाटूर फाट्यावर एसटी थांबावी, तीत बारा हजार माणसांनी घुसावे आणि ज्याला खरोखर पोचवायचे तो एकटा मागे राहावा, अशी ही गत. साध्या रेझिनला शिसे थोडे अधिक आवडते हे खरे, पण एवढ्या गर्दीपुढे ती आवड तोकडी पडते. लिटरभर रेझिनची क्षमता सुमारे दोन इक्विव्हॅलंट. या पाण्याच्या सव्वातीनशे-साडेतीनशे लिटरांतच ती संपते, आणि संपते ती जवळजवळ सगळी कठीणतेवर.

म्हणून खरा प्रश्न धरण्याचा नाही, निवडण्याचा आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले या क्षेत्रातले उत्तम काम निवडीवरच झाले. पॉलिमरच्या साखळीवर इमिनोडायॲसिटिक आम्लाचा गट बसवला की तो धातूला खेकड्याच्या नांगीसारखा दोन-तीन बाजूंनी धरतो. कॅल्शियमच्या तुलनेत तांबे आणि शिसे यांची त्याला ओढ हजारपटीहून अधिक असू शकते. जस्त, कॅडमियमची ओढ बरीच कमी. पाऱ्यासाठी गंधक असलेला थायॉल गट वापरतात. पारा आणि गंधक यांचे सख्य आपल्या रसवैद्यांना जुने ठाऊक आहे; खलात दोन्ही घोटून काळी कज्जली करतात ती त्याच सख्यावर. युरेनियमसाठी अॅमिडॉक्सिम गट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात युरेनियम जेमतेम ३.३ मायक्रोग्रॅम असते, तरीही जपानी संशोधकांनी १९९९ ते २००१ या काळात असा गट चढवलेले कापड समुद्रात बुडवून किलोभराहून अधिक यलोकेक (युरेनियमचे कच्चे ऑक्साइड) मिळवला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पॉलिप्रॉपिलिनवर किरणोत्साराच्या साहाय्याने असे गट रोवण्याचे काम केले आहे.

निवडीची दुसरी बाजू धातूच्या रूपाची. षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋण भार घेऊन राहते. शिशासाठी आणलेल्या रेझिनमधून ते बिनदिक्कत निसटते. आर्सेनिक धातूंच्या सीमेवरचे मूलद्रव्य; त्याचे एक रूप ऋण भाराचे, तर दुसरे पिण्याच्या पाण्यात जवळजवळ भारहीन. भार नसेल तर आयनांची अदलाबदल कुणाशी करणार? म्हणून आधी ऑक्सिडीकरण, मग पकड. पाण्यात कोणता धातू आहे हे पुरेसे नाही, तो कोणत्या रूपात आहे हेही कळले पाहिजे. या पुस्तकाचा पूर्ण एक भाग त्यासाठी दिला आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो गाळून पुढे जाऊ नये.

गावात जो पॉलिमर सर्वांत जास्त दिसतो त्याला कुणी पॉलिमर म्हणत नाही. घरातल्या आरओ यंत्रातला पडदा हा पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर असतो. लोब आणि सुरीराजन या दोघांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा पहिला कामाचा पडदा बनवला. पुढे पॉलिअमाइडने त्याची जागा घेतली. हा पडदा निवड करत नाही, जवळजवळ सगळेच अडवतो, आणि त्यात शिसे-कॅडमियमही येतात. या दृष्टीने आरओ चांगले साधन आहे. पण आरओभोवती जो व्यापार उभा राहिला आहे त्याने दोन गैरसमज घट्ट केले. विक्रेता टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो. टीडीएस पाचशे असलेल्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम शिसे मिसळले, तर मीटरचा आकडा हलणारसुद्धा नाही. उलट साध्या चुनखडी क्षारांनी आकडा वर जातो आणि पाणी ‘विषारी’ ठरते. दुसरा प्रयोग विजेच्या कांड्यांचा. त्या नळाच्या पाण्यात बुडवल्या की पाणी तपकिरी होते, गाळ तरंगतो, बघणारे घाबरतात. तो गाळ कांडीच्याच लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. धातू सापडला असे वाटायला लावणारा हा खेळ धातूबद्दल काहीच सांगत नाही.

संशोधनातही या खेळाचा एक सभ्य अवतार आहे. जगभरच्या नियतकालिकांत दर महिन्याला नवा पॉलिमर येतो: पॉलिएथिलिनइमाइन जोडलेला, चुंबकीय कण भरलेला, विशिष्ट आयनाचा साचा उमटवलेला. प्रत्येकाबरोबर एक आकडा असतो, ग्रॅमला इतके मिलिग्रॅम धातू शोषला. प्रयोग बहुधा डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच धातू, तोही लिटरला शंभर-दोनशे मिलिग्रॅम घालून केलेला असतो. इतके दूषित पाणी प्लेटिंगच्या कारखान्याच्या नाल्यात भेटेल, विहिरीत नव्हे. तो आकडा खोटा नसतो. तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नसतो, एवढेच. म्हणून या पुस्तकात जिथे क्षमतेचा आकडा दिला आहे, तिथे पाण्याची कठीणता, आम्लता आणि धातूचे सुरुवातीचे प्रमाण शेजारीच दिले आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात नवा पॉलिमर करणाऱ्या विद्यार्थ्याला माझी एकच विनंती आहे: शेवटची चाचणी गावाकडच्या विहिरीच्या पाण्यात करा आणि आकडा पडला तर तो पडलेलाच छापा.

आता त्या प्रश्नाकडे, जो या पुस्तकाचे शीर्षक झाला. धातू जळत नाही, कुजत नाही, जिवाणू त्याला खाऊन संपवत नाहीत. पॉलिमर त्याची फक्त जागा बदलतो. रेझिन भरले की त्याच्यावरून आम्ल फिरवतात. मणी मोकळे होतात आणि हजारो लिटर पाण्यातला धातू काही लिटर आम्लात एकवटतो. प्लेटिंगच्या कारखान्यात ही सोय असते, कारण त्या आम्लातून विजेच्या साहाय्याने निकेल, तांबे परत मिळवता येते आणि त्याला भाव असतो. ज्या गाळाला भाव नाही, तो घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुरक्षित भरावभूमीत जायला हवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा सोयी आहेत. वाटूरहून त्या किती लांब आहेत ते नकाशावर पाहा. गावात बसवलेल्या यंत्राचे रेझिन भरल्यावर ते कुणी, कशातून, कुठे न्यायचे, हे ठरल्याशिवाय यंत्राचे उद्घाटन करणे म्हणजे विहिरीतला धोका उकिरड्यावर नेऊन ठेवणे. आरओचेही तेच. जे पाणी पडदा ओलांडत नाही, ते सगळा माल घेऊन मोरीतून गटारात जाते.

हे गावपातळीवर जमतच नाही असे नाही. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकग्रस्त उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील सहकारी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हातपंपांना जोडणारे शोषक स्तंभ बसवले. पुढे त्यांनी ऋण आयन धरणाऱ्या रेझिनच्या मण्यांत लोहाच्या जलीय ऑक्साइडचे सूक्ष्म कण रुजवून संकरित पॉलिमर तयार केला: लोह आर्सेनिकला धरते, पॉलिमर लोहाला धरतो. स्तंभांची देखभाल गावच्या समित्यांकडे होती, आणि घरटी लहानशी वर्गणी त्यासाठी घेतली जाई. भरलेले शोषक एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन मोकळे करायचे आणि निघालेला आर्सेनिकयुक्त गाळ हवा खेळेल अशा जाड वाळूच्या थरावर साठवायचा. हवा अशासाठी, की हवेविना लोहाचे रूप पालटते आणि बांधलेले आर्सेनिक पुन्हा सुटते. पॉलिमरची निवड, समितीची वही आणि गाळाची जागा, या तिन्ही गोष्टी तिथे एकाच आराखड्यात होत्या. पुस्तकात सर्वांत जास्त जागा या उदाहरणाला दिली आहे, त्याचे कारण हेच.

पॉलिमरची सर्वांत मोठी कामगिरी मात्र पाण्यातून धातू काढण्याची नाही, तो पाण्यात जाऊ न देण्याची आहे. उल्हास नदीची खाडी आणि ठाण्याची खाडी यांच्या गाळात पारा साचल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासांनी दाखवले. त्याचा एक मोठा उगम कॉस्टिक सोडा बनवण्याची जुनी पद्धत. तीत मिठाच्या द्रावणातून वीज सोडताना वाहता पारा हाच ऋणाग्र असे, आणि त्यातला थोडा थोडा पाण्याबरोबर निसटे. १९६० च्या दशकात ड्यूपाँटमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरीनयुक्त पॉलिमरपासून आयन जाऊ देणारा पडदा बनवला. तो मध्ये ताणला की पाऱ्याची गरजच उरत नाही. भारतात २००३ साली पर्यावरण खात्याने उद्योगांबरोबर जो जबाबदारीचा करार केला, त्यात पाऱ्याच्या घटांऐवजी पडद्याचे घट आणण्यासाठी २०१२ ची मुदत ठरली, आणि बहुतेक कारखाने त्या वाटेने गेले. गाळात बसलेला जुना पारा अजून तिथेच आहे. तो काढू शकणारा पॉलिमर कुणी शोधला तरी अख्खी खाडी त्यातून गाळून घेता येणार नाही.

वाटूरकरांना यातले आज काय उपयोगी? आधी तपासणी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, क्लोरीन उरला का हे पाहणारी ओटी टेस्ट करतो, नमुने पाठवतो. स्रोताच्या स्वच्छतेवरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही व्यवस्था मोलाची आहे, पण ती जंतूंसाठी. गावपातळीवरच्या किटमध्ये क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कठीणता मोजता येते. शिसे, कॅडमियम, पारा नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली उपकरणे लागतात. नमुना घेण्याची रीतही वेगळी: स्वच्छ प्लास्टिकची बाटली आणि त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे काही थेंब, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवाल निर्दोष येतो. मर्यादा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: लिटरला शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, एकूण क्रोमियम ०.०५. अहवालात आकडा ‘आढळले नाही’ असा असेल, तर किती प्रमाणापर्यंत शोधले होते हेही विचारावे. आणि धातू नसेलच, तर कुठलाही खास पॉलिमर विकत घेऊ नये. नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात पाणी आणि धातूची रूपे, दुसऱ्यात रेझिन, निवडक रेझिन व पडदे, तिसऱ्यात कारखान्यातले सांडपाणी, चौथ्यात गावातले पिण्याचे पाणी, पाचव्यात उरलेल्या गाळाचे व्यवस्थापन. रसायनशास्त्राची गणिते चौकटीत वेगळी ठेवली आहेत. सरपंचांनी, शिक्षकांनी, बचत गटातल्या ताईंनी ती सोडून वाचले तरी धागा तुटणार नाही. रेझिन, पॉलिमर हे शब्द दुकानात, कारखान्यात आणि वर्गात जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत.

वाचकाने पुस्तक मिटल्यावर सूत्रे विसरली तरी चालतील. तीन प्रश्न राहावेत: हा पॉलिमर कोणत्या पाण्यात तपासला, धातू कोणत्या रूपात होता, आणि भरलेला पॉलिमर पुढे कुठे जाणार. विक्रेता असो, ठेकेदार असो की संशोधक, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारले जाऊ लागले आणि उत्तर इतिवृत्तात लिहिले जाऊ लागले, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्या दोनांवर सही करू नये.

वाटूर, जि. जालना